खिळ्यावरची बातमी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, मुलीला नाही, बहिणीला तर नाहीच नाही. बडा गणपतीपुढे हात जोडले तेव्हा त्यालासुद्धा नाही — त्याला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असणार, अशी स्वतःची समजूत घालून प्रसाद घेऊन बाहेर पडत आले. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही.

आधी वसंतकाकांविषयी सांगते. लांबण लावते आहे, कळतंय मला. पण त्यांच्यावाचून यातलं काहीच सांगता येणार नाही.

छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीत दोन घरं सोडून ते राहायचे. बाबा मिलच्या हजेरीखात्यात कारकून होते. काका कापडाची थानं मोजून घड्या घालायच्या खात्यात. मिल बंद पडली आणि दोघं एकाच दिवशी घरी बसले. बाबा खरोखरच बसले — ओट्यावर, भिंतीला पाठ लावून. काका बसले नाहीत. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाँकीसाठी मिलवाल्यांनी घेतलेला लाउडस्पीकर धूळ खात पडला होता. तो त्यांनी मागून आणला, मेन गेटसमोरच्या कडुनिंबावर टांगला आणि रोज दुपारी चारला, जेव्हा पाळी बदलायचा भोंगा व्हायचा त्याच वेळी, बोलायला लागले. लोक त्याला भोंगा रेडिओ म्हणायचे. मिलचा भोंगा गप्प झाला होता, हा बोलत होता.

काय बोलायचे? हातात त्या दिवशीचं हिंदी सांजदैनिक धरायचे. आधी काय छापलंय ते वाचायचे, मग काय छापलं नाही ते सांगायचे. जन्मभर कापड मोजलेला माणूस, पेपरसुद्धा वितीनं-बोटानं मोजायचा. "देखो भिया, रंगीन टीवी का इश्तहार दो बित्ते, और अपनी मिल? दो उंगल!" माणसं खदखदून हसायची. ते वर्षच तसं होतं — शहरात रोज नवी शोरूम उघडायची, त्याचे फोटो पहिल्या पानावर, आणि मिलच्या क्वार्टरांचं पाणी तोडलं तर ती बातमी कुठंच नाही. मग काका माइक समोरच्या कुणाच्याही हातात द्यायचे. क्वार्टरमधली एखादी बाई पदर सावरत पुढं यायची, आपल्या नळाचं सांगायची. तिचा आवाज पार पुलापर्यंत जायचा.

पण न छापलेली बातमी काकांना कळायची कुठून?

माझ्याकडून. मी त्याच सांजदैनिकात प्रूफ तपासायला होते.

कच्ची नोकरी होती, आणि घर तिच्यावरच चाललेलं. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत लांब पट्ट्यांवरच्या बातम्या वाचायच्या, काना-मात्रा-वेलांटी सुधारायची. खरं-खोटं बघणं माझं काम नव्हतं. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर वार्ताहराची लहानशी सही आणि वेळ असायची. जी बातमी थांबवायची तिच्यावर संपादकजी लाल शाईनं 'रोकें' लिहायचे आणि ती दाराजवळच्या खिळ्याला टोचली जायची. आठवड्यानं खिळा रिकामा करायचा, रद्दीत. मी त्यातल्या मिलच्या पट्ट्या काढून डब्याच्या तळाशी घालायचे. घरी जाताना डबा काकूंच्या हातात द्यायचा. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा कुणी रिकामा परत करतं का? काकू पट्टी काढून घ्यायच्या आणि डब्यात चटणी, शेव, कधी गुळाचा खडा घालून परत पाठवायच्या. कुणाला काय संशय येणार!

मला फार अभिमान होता त्याचा, हेही सांगते. गर्दीत मागं उभी राहून मी माझी पट्टी ऐकायचे. माझं नाव कुठंच नव्हतं, तरी छाती फुगायची.

मग एकदा खिळ्यावरून आणलेली पट्टी सांगून गेली की मालक मिलचे विणायचे माग मागच्या फाटकातून ट्रकनं बाहेर काढणार आहेत. काकांनी ती वाचली. त्याच संध्याकाळपासून माणसं मागच्या फाटकाशी आळीपाळीनं बसायला लागली. ट्रक तीनदा आले, तिन्ही वेळा रिकामे परत गेले. माग आत आहेत तोवर मिल मेली नाही — एवढंच त्या लोकांचं म्हणणं होतं. बाबासुद्धा ओट्यावरून उठून एक दिवस तिथं बसून आले.

त्यानंतरच्या शनिवारी संपादकजींनी मला आत बोलावलं.

रागावले नाहीत. आवाजही चढवला नाही. टेबलावरची एक पट्टी माझ्यापुढं सरकवली — मिल सोमवारपासून सुरू, जुन्या कामगारांनी सकाळी सातला मेन गेटवर हजर राहावं. त्यावर 'रोकें' आधीच लिहिलेलं होतं. "मंदाजी, ये आज नहीं लगेगी। खीली पे टांग देना।" आणि मग त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या डब्याकडे बघितलं. बघितलं फक्त. माझ्या पक्क्या नोकरीचा कागद महिनाभर त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडून होता, आणि तो त्या वेळी डाव्या हाताशी होता. ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलायची गरज होती का?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. मला सगळं लख्ख दिसलं. थांबवलेली पट्टी आजवर कुणी माझ्या हातात दिली नव्हती, मीच ती खिळ्यावरून काढत आले होते. ही मला दिली जात होती. मी बाहेर आले. पट्टी खिळ्याला टोचली. दोन वाजता काढली, डब्यात घातली, डबा काकूंना दिला.

इतकी चांगली बातमी पेपर दाबेल कशाला? रोज पेपराची सालं काढणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. गेटवरच्या त्या सगळ्यांची एक सवय झाली होती — छापलंय ते खोटं, छापलं नाही तेच खरं. ही सवय त्यांना काकांनी लावली होती, आणि काकांना मी. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

चारला काकांनी पट्टी वाचली. वाचताना आवाज फुटला त्यांचा. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. संध्याकाळी माझा डबा परत आला तेव्हा त्यात साजूक तुपातला शिरा होता, वर दोन बेदाणे. बाबांनी खाल्ला. मीही खाल्ला.

रविवारी बाबांनी कपाटातून पांढरा शर्ट काढून स्वतः इस्त्री केली. सोमवारी पहाटे मी उठायच्या आधी त्यांची आंघोळ झाली होती. "मंदे, टिफिनमध्ये चार पोळ्या ज्यादा ठेव गं, साथवाले भी खाएंगे." मी बटाट्याची भाजी केली. पोळ्या लाटल्या, चार जास्त. लोणचं वेगळ्या डबीत, त्यांना भाजीला लागलेलं आवडत नसे म्हणून. इतकं सगळं सुचत होतं मला! एकच वाक्य बोलायचं होतं — बाबा, जाऊ नका. ते सुचलं नाही असं म्हणू? सुचलं होतं. पोळी उलटताना सुचलं, डब्याची कडी लावताना सुचलं. डबा त्यांच्या हातात दिला आणि कामावर गेले.

नऊच्या सुमाराला एक पट्टी माझ्यापुढं आली. लाउडस्पीकरवरून अफवा, शेकडो कामगारांची फसवणूक. भोंगा रेडिओचं नाव पेपरात पहिल्यांदाच येत होतं, तेही पहिल्या पानावर. काकांच्या हातानं चांगली दोन वीत भरली असती. नऊला! तेव्हा ती माणसं अजून गेटवर उभी होती, शर्टाच्या घड्या न मोडता. मी धावत जाऊ शकले असते. मी दोन वेलांट्या सुधारल्या आणि पट्टी वर पाठवली.

दुपारपर्यंत ते उभे राहिले. मागच्या फाटकाशी त्या दिवशी कुणीच नव्हतं, सगळे पुढं आले होते. माग गेले. ट्रक निघून गेल्यावर पुढच्या लोकांना कळलं. त्या दिवशी ट्रक येणार हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. पण त्यानं काय हलकं होतं?

चारला काका माइकवर आले. मी तिथं होते, नेहमीसारखी मागं. "खबर मैंने पढ़ी थी, गलती मेरी है। और किसी का नाम मत पूछना।" एवढंच बोलले. कुणीतरी चप्पल भिरकावली. मग माणसांनीच झाडावर चढून लाउडस्पीकर उतरवला. बाबा गर्दीतून सरळ त्यांच्यासमोर गेले, डबा तसाच हातात, आणि म्हणाले, "वसंता, तूसुद्धा विकला गेलास?" काका खाली वाकून माइकची वायर गुंडाळायला लागले. मी मागंच उभी राहिले.

पुढच्या महिन्यात माझ्या कागदावर सही झाली.

बाबा त्यानंतर काकांशी कधी बोलले नाहीत. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, तो वसंता खोटारडा, त्यानं आमचे माग घालवले. मी आतून चहा आणून द्यायचे. वर्षानुवर्षं. दोन घरं पलीकडं ते ऐकू जात असणार. माझा डबा मग काकूंकडे गेला नाही, आणि काकूंनीही कधी काही पाठवलं नाही.

बाबा गेले तेव्हा काका आले होते. आत आले नाहीत, रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. सगळं आटोपल्यावर मी नळावर हात धुवायला गेले, तिथं ते हळूच आले. वाकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. "मंदा, एकच विचारतो बेटा. ती पट्टी दिलीस तेव्हा तुला मालूम होतं का गं?"

"नाही, काका."

त्यांचा चेहरा किती सैल झाला म्हणून सांगू! माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बस. मला भी हेच वाटत होतं. घरात मी तेच सांगत आलो." आणि भिंतीला धरत धरत परत गेले. आता तेही नाहीत.

मला ठाऊक होतं. शनिवारी, डब्यात घालण्याआधी, मी ती पट्टी खिडकीशी नेऊन दोनदा बघितली होती. तिच्या डोक्यावर कुठल्याच वार्ताहराची सही नव्हती.