आळेफाट्याचं कॉफी मशीन

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा अख्खं घर हसलं. आमचं गाव बेल्ह्याजवळ. दारात दोन म्हशी, आणि मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारी, बिनसाखरेची काळी कॉफी पिणारी. आण्णा, म्हणजे माझे वडील, तिला 'जळक्या शेंगदाण्याचं पाणी' म्हणायचे. मी मात्र महिनाभर फोनवर मशीनं धुंडाळत होते. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडचे दिवे पिवळे पडतात, म्हणून वायरमनलाही विचारून ठेवलं होतं. शेवटी कळलं, की आळेफाट्यावर एक जण कॉफीचं दुकान बंद करतोय आणि त्याचं घरगुती बेताचं मशीन विकायचं आहे.

मी आण्णांना म्हणाले, "तुम्ही चला. तुम्हीच पारखा."

यात माझा डाव होता. आण्णांनी उभा जन्म बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे सौदे केले. दिवाळीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि मोटरसायकलची चावी मी ताब्यात घेतली. पुढे पाय सुधारला, हातही उचलायला लागले. "मुंग्या गेल्या, हात पयल्यासारखा झालाय," असं रोज सांगायचे आणि रोज चावी मागायचे. येत्या बाजाराला एकट्यानं जायचं म्हणून दोन दिवस अबोलाही धरून झाला. आई म्हणाली, दे बाई एकदाची. मला धीर होत नव्हता. म्हटलं, चार माणसांत कसे वावरतात ते बघू आणि मग ठरवू.

कॉफीवाल्यानं आम्ही पोचायच्या आधीच मशीन चालू करून ठेवलं होतं. माथ्यावरच्या पत्र्यावर कप गरम व्हायला मांडले होते. त्यातला एक घेताना पत्र्याला माझं बोट लागलं आणि मी चटकन मागे घेतलं. कॉफी फक्कड होती. पण आण्णा तेवढ्यावर कुठले ऐकायला!

"आमी यायच्या आधीच का तापवलं?" ते म्हणाले. "बाजारात आणायच्या आधी पाणी पाजून जनावराचं पोट फुगवत्यात, त्यातलं तर न्हाई ना हे? खोड काय हाय, बोला."

"खोड कसली काका? नव्यासारखं आहे."

"मग बंद करा. गार झाल्यावर कसं चालतंय ते बघू."

कॉफीवाल्याचा चेहरा पडला. त्यानं प्लग काढला, पत्र्यावरचे कप उचलले आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मला लाज वाटत होती आणि मनातून लई बरंही वाटत होतं. किती महिन्यांनी आण्णा आण्णांसारखे बोलत होते! मनातल्या मनात मी चावी देऊनही टाकली.

पाच मिनिटंही झाली नसतील, आण्णा उठले. जनावर हातानं पारखायची त्यांची सवय. त्यांनी उजवा तळवा त्या पत्र्यावर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, भरीव.

"झालं गार," ते म्हणाले. "करा चालू."

मी शेजारी बोट टेकवून पाहिलं. चटका बसला. आण्णांचा हात तसाच होता.

कॉफीवाला पाठमोरा होऊन प्लग लावत होता. मी ओरडले असते तर तो वळला असता, आणि आत्ताच ज्याला घाम फोडला त्याच्यासमोर आण्णांचं सगळं उघडं पडलं असतं. बेल्ह्याच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून हातावर टाकला आणि खालून तो हात धरून उचलला.

कॉफीवाला वळला आणि हसला. "बापलेकीचं ठरतंय वाटतं?"

टॉवेलखाली मी आण्णांची बोटं दाबली. मग आणखी जोरात दाबली. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "दाब की. किती म्हनतीस?"

मी दाबतच होते.

घरी विचारून कळवतो, असं सांगून आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर मी त्यांचा हात उलटा केला. तळव्यावर फोड धरायला लागला होता.

"कधीपासून कळत नाही?"

"पयल्यापासून."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. "आणि मोटरसायकल चालवणार होता? ॲक्सिलरेटर याच हातात असतो ना? समोरून कुणाचं पोर आलं असतं तर?" आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. घर येईपर्यंत मी बोलतच होते. आता आठवलं की त्यातलं निम्मं परत घ्यावंसं वाटतं.

आठवड्यानं मी पुण्याच्या एका दुकानात फोन लावला. दुकानदार पंपाचं, वाफेचं, दळायच्या यंत्राचं सांगत सुटला. मी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "माथ्यावरचा पत्रा कितपत तापतो?" आण्णा समोरच खाटेवर बसले होते, तळव्याला मलम लावलेलं. त्यांनी ऐकलं. मी फोन ठेवला.

मग म्हणाले, "मशीन कुठलंबी घे. आन् ती मोटरसायकल इकून टाक. मी व्हय म्हनतोय तवरच टाक."