वाढत्या अंगाचं जाकीट

आमच्या आत्याने मला मापाचं असं काही कधी घेतलंच नाही. शाळेचा फ्रॉक घोट्याशी यायचा, बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला असायचा आणि स्वेटरच्या बाह्या दुमडूनही हात सापडायचे नाहीत. "वाढत्या अंगाचं द्या," हे तिचं दुकानात पाऊल टाकतानाचं वाक्य. दुकानदाराने मुलीचं वय विचारलंच तर म्हणायची, "आजचं वय घेऊन काय करताय? ती आजच्यापुरतीच शाळेत जाणार आहे का?"

आई गेली तेव्हा मी बालवाडीत होते. बाबांची फिरतीची नोकरी, म्हणून त्यांच्या या बिनलग्नाच्या बहिणीने मला कर्वेनगरला आपल्याकडे ठेवून घेतलं. ती एका कारखान्यात पॅकिंगला होती. पुढे बाजारात परदेशी माल आला, आणि एका सकाळी ती डबा घेऊन गेली तर फाटकाला कुलूप. मग तिने घरीच शिवणाचं मशीन मांडलं. ब्लाउज असे अंगाबरोबर शिवायची की वारज्याहून बायका यायच्या. माझंच माप तेवढं तिला कधी सापडलं नाही.

कॉलेजात असताना मी एकदा वैतागून विचारलं, की अजून किती वाढणार आहे मी? ती दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी घेता येईल, असं कोणी लिहून दिलंय?" त्यानंतर बरीच वर्षं मी त्या विषयावर तिची थट्टा केली नाही.

मला खराडीत नोकरी लागली. ऑफिसातली मंडळी रविवारी धरणाच्या पाण्यावर कयाक चालवायला जात. कयाक म्हणजे एकट्याने बसायची अरुंद होडी. भाड्याची होडी घेऊन दोनतीनदा गेले आणि मला त्याचं वेडच लागलं. आता स्वतःचं सामान हवं. वल्हं, टोपी, हातमोजे, पाण्यातले बूट, ओली न होणारी पिशवी. माझा जीव एका लाल वल्ह्यावर जडला होता.

मला पोहायला जेमतेम येतं, आत्याला तेवढंही नाही. तिने पाणी पाहिलेलं ते नळाचं, नाहीतर पुलावरून. ती नको म्हणेल, म्हणून मी भांडायच्या तयारीत होते. ती मटार सोलत सगळं ऐकत राहिली आणि तिने एवढंच विचारलं, की होडी उलटली तर यातलं काय उपयोगी पडतं? मी म्हटलं, लाइफ जॅकेट, पण ते तिथे देतात, ढगळ असतं जरा.

"मग आधी जाकीट. बाकीचं तू वर तरंगलीस तर बघू."

कॅम्पातल्या दुकानात ती बरोबर आलीच. मालकांनी माझ्याकडे बघून एक जाकीट काढलं, तर हिचं ठरलेलं वाक्य तयार. मी नोकरी करणारी बाई, जमीन दुभंगावी असं झालं. मालक मात्र शांतपणे म्हणाले, "मावशी, हे सैल असलं तर पाण्यात जाकीट वर येतं आणि माणूस खाली राहतो."

त्यांनी मला मोठं जाकीट चढवून हात वर करायला लावले आणि आत्याला ते मागून, खांद्यांशी धरून वर ओढायला सांगितलं. जाकीट थेट कानापर्यंत आलं, माझं नाक झाकलं गेलं. आत्याचा चेहराच उतरला. मग लहान चढवलं. तिने सगळा जोर लावला, माझ्या टाचा उचलल्या गेल्या, पण जाकीट हललं नाही.

"हेच द्या," ती म्हणाली.

मी गंमत म्हणून विचारलं, पुढच्या वर्षी घट्ट झालं तर? ती पट्टा आवळत होती.

"तर पुढच्या वर्षी दुसरं घेऊ."

असं वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. पट्टा रुततोय, असं मी सांगितलं.

त्या मोसमात ती दर रविवारी माझ्याबरोबर धरणावर यायची. मी होडीत बसायच्या आधी हात वर करायचे, ती मागून खांदे ओढून बघायची आणि मग काठावरच्या दगडावर डबा मांडीवर घेऊन बसायची. मी परत येईपर्यंत तिने तो कधी उघडला नाही.

पुढच्या वर्षी ती नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. मी बरेच दिवस पाण्याकडे फिरकले नाही. फिरकले तेव्हा जाकिटाचा पट्टा लागेना. खराडीच्या खुर्चीत बसून बसून अंग वाढलं होतं. आत्या एवढी वर्षं सांगत होती, ते शेवटी खरं ठरलं.

त्याच दुकानात गेले. मालकांनी पुढच्या मापाचं जाकीट दिलं आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मी ते चढवलं, पट्टे आवळले आणि सवयीने दोन्ही हात वर केले.

मागे कोणी नव्हतं. तरी मी बराच वेळ हात खाली घेतले नाहीत.