स्पर्धेची फाईल आणि आत्तींची छत्री

आमच्या गावात कुठलंही काम झालं की त्याच्यापुढं माणसं उभी राहतात. नळ बसला की नळापुढं, गटार झालं की गटारीवर, खांद्याला खांदा लावून एका ओळीत, आणि मग फोटो. मी सरपंच झाले त्या वर्षी जिल्ह्याच्या गाव स्पर्धेला आम्ही जी फाईल केली, ती असल्याच फोटोंनी फुगली होती. पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी एकेक पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, माणसं दिसली. काम कुठंय?"

मी लाजेनं अर्धमेली झाले. घाट उतरेपर्यंत आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना फाईलीतली तोंडं मोजायला लावली. गावात आल्यावर सदस्यांना असं झाडलं की पारावरची कुत्रीसुद्धा उठून गेली. नंबर आला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मला तो पहिला नंबर कशाला हवा होता? आमचं गाव पन्हाळ्याच्या पश्चिम अंगाला. पाऊस लागला की सूर्य कुठं राहतो तेही विसरायला होतं. स्मशानात नुसता कट्टा, वर छप्पर नाही. माझे सासरे, म्हणजे मामा, ऐन आषाढात गेले. चिता काही धड पेटेना. पोरांनी गोठ्याचे पत्रे काढून नेले आणि डोक्यावर धरून उभी राहिली. माणसं परत आली ती खाली मान घालून. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच बसल्या होत्या. त्या माना बघूनच त्यांना काय ते कळलं.

पुढं एकदा भाकऱ्या थापताना त्या हळूच म्हणाल्या, "मला असं भिजत ठिवू नगा बाई." मला गलबलून आलं. मग त्यांनी त्या भीतीचंच हत्यार केलं. "शेड झाल्याबिगर मी मरत न्हाय," असं जो भेटेल त्याला ठणकावून सांगायच्या. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण चुलीपुढचा तो आवाज मी ऐकला होता. शेडचा प्रस्ताव दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून परत यायचा. पहिल्या नंबराच्या बक्षिसातून मात्र गावाला हवं ते काम करता येणार होतं.

दुसऱ्या वर्षी मी पदर खोचला. साहेब म्हणाले होते, प्रत्येक कामाचा आधीचा फोटो लावा आणि नंतरचा लावा. नंतरचा काढता येईल हो, पण आधीचा कुठनं आणायचा? चिखलाचा फोटो कोण काढून ठेवतंय! ग्रामसभेत विचारलं तर सगळ्यांनी परत ते ओळीतलेच फोटो काढून दिले.

एक दिवस शेजारी हळदी-कुंकवाला गेले. पोरींनी त्या घरच्या लेकाच्या लग्नाचा जुना अल्बम काढला होता. बघते तर नवरदेव वरातीत चाललाय, फेटा झोकात, बूट हातात आणि पाय नडगीपर्यंत चिखलात! मागं हा एवढा उकिरडा. मी ओरडलेच, "अगं बाई, हा तर आपला रस्ता!"

त्या दिवसापासून मी आणि भाऊसाहेब घरोघरी अल्बम मागत हिंडलो. बारशाच्या फोटोमागं फुटका पाण्याचा हौद सापडला. बेंदराच्या मिरवणुकीत नटवलेल्या बैलामागं तुंबलेलं गटार सापडलं. नवरदेव तेवढा रुसून बसला. "वहिनी, माझ्या लग्नाची शोभा स्पर्धेला लावता व्हय?"

"शोभा न्हाय भावजी, चिखल लावतोय. तुम्ही फुकटात येताय."

हसला आणि तयार झाला. त्याच जागी, काँक्रीटच्या रस्त्यावर, बूट पायात आणि लेक खांद्यावर असा त्याचा दुसरा फोटो काढला. मग काय, सगळ्या गावाला चेव आला. "आमचा बी घ्या की!" जी माणसं कामापुढं उभी राहायची, ती आता बाजूला सरकून कामाकडं बोट दाखवायला लागली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

शेवटचं पान गावाच्या राहिलेल्या गरजेचं होतं. स्मशानाचा फोटो कुठल्या अल्बमात असणार? आणि नुसत्या कट्ट्याचा काढला तर त्यात गरज कशी दिसणार? नुसतं लिहून देऊ, असं मी म्हटलं. आत्ती म्हणाल्या, "माझा काढ की तिथं."

माझं डोकंच फिरलं. "काय बी बोलू नगा आत्ती. बायामाणसं जात न्हाईत तिथं. आणि जित्या माणसाचा फोटो?"

"मग मेल्यावर सांगायला येऊ व्हय मी?"

मी ऐकेना, त्याही ऐकेनात. एका सकाळी पाऊस पडत असताना मामांची काळी छत्री घेऊन त्या सरळ चालायला लागल्या. मी मागं धावले. पारावरची माणसं बघतच राहिली, पण अडवलं कुणी नाही. उलट एक सदस्य उठला आणि निसरड्या वाटेवर त्यांचा हात धरून चालला. कट्ट्यावरनं पाणी वाहत होतं. त्याच्याजवळ छत्री उघडून आत्ती ताठ उभ्या राहिल्या. मी रडत रडतच मोबाईलवर फोटो काढला.

तपासणीला समिती आली, त्यात तेच साहेब होते. शेवटच्या पानावर ते थांबले. मग म्हणाले, "ह्या आजींना भेटायचंय." आत्तींनी चहा दिला आणि विचारलं, "पावणं, शेड हुतीय का न्हाय तेवढं सांगा. तसं बेतानं जगायला बरं." साहेबांनी हसू दाबत वहीत 'शेड' लिहून घेतलं.

पहिला नंबर आला. हलगी वाजली, गुलालानं माझी साडी कायमची वाया गेली. पुढच्या पावसाच्या तोंडाला शेड उभी राहिली.

सदस्य सवयीनं तिच्यापुढं ओळ धरून उभे राहिले. "सरका रं, काम दिसू द्या!" आत्ती कडाडल्या. सगळे हसत बाजूला झाले. पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. आत्ती त्याच जागी उभ्या राहिल्या, छत्री मिटून. फोटो झाल्यावर त्यांनी कट्ट्यावर तळवा टेकला. कट्टा कोरडा होता. "ह्यास्नी न्हाय मिळालं," मामांच्या छत्रीकडं बघत एवढंच म्हणाल्या.

शेवटी नवरदेवानंच चेष्टा केली. "काकू, शेड झाली की. आता?"

"आता कवाबी जाता येतंय की," आत्ती म्हणाल्या, "मग घाई कशाला?" आणि मला चहा टाकायला सांगून छत्री उघडत घराकडं निघाल्या.