रशीदचाचांचा डबा

परका माणूस दिसला की रशीदचाचा आधी त्याचं नाव विचारत नसत. ते विचारत, "तुमच्याकडं पाहुण्याचं ताट कोण उचलतं?" नेकनूरला त्यांचं छोटं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते तांब्याची नवी तार गुंडाळून भरून देत. बोअरच्या गाडीबरोबर आलेले तमिळ मजूर असोत की बँकेत बदलून आलेले कोकणातले साहेब, हा प्रश्न कुणालाच चुकला नाही. साहेब म्हणाले, "ज्याचं तो उचलतो." चाचांनी हातातली तांब्याची तार खाली ठेवली. "पाहुणा बी? लई नवल हाय!" मग दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच नवल.

नर्सच्या नोकरीसाठी माझं जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा परक्या मुलखात कसं राहायचं ते विचारायला आईने मला त्यांच्याकडे पाठवलं. चाचांनी ओमानमधल्या एका खेड्यात बारा वर्षं पंप दुरुस्त केले होते. मी मात्र वाद घालायच्या तयारीनेच गेले. माझे वडील मोर्चांची पत्रकं काढत. आमच्या घरात ताठ मान ही पहिली शिकवण. "चाचा, गरज त्यांना आहे आमच्या हातांची. मग आपण कावून बदलायचं?"

"हक्क मागताना ताठच उभी ऱ्हा, बेटा," ते म्हणाले. "पण दुसऱ्याच्या दारात चप्पल कुठं काढायची, हे विचारल्यानं मान खाली जात न्हाई." मग स्टुलावर बसून त्यांनी मला ताटाची गोष्ट सांगितली.

चाचा ओमानला पोहोचले त्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याने खजुरांनी भरलेलं एक ताट पाठवलं. निळ्या फुलांचं, जुनं. आता आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चाचा एकटे, खोलीत चूल नाही. "दुकानातली बिस्किटं भरली असती की," मी म्हणाले.

"मग ते देणं न्हाई झालं, फेडणं झालं. माझी अम्मी काय म्हणली असती?"

बीडकडचा कुणी येईल, घरची शेंगदाण्याची चटणी आणील, ती भरून ताट देऊ, असं त्यांनी ठरवलं. कुणी येईना. म्हाताऱ्याने सलाम घेणं बंद केलं. चाळिसाव्या दिवशी, चाचा कामाला होते त्या गॅरेजच्या मालकाने सांगितलं, "ते ताट त्याच्या मेलेल्या आईचं आहे. उद्यापर्यंत परत दे, नाहीतर सामान बांध." दोन्ही मुलींची शाळा त्या नोकरीवर होती. चाचा रिकामं ताट घेऊन म्हाताऱ्याच्या दारात उभे राहिले आणि मोडक्यातोडक्या अरबीत खरं ते सांगितलं. म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्याने त्याच ताटात त्यांना जेवायला वाढलं.

"मी विचारलं न्हाई, त्यानं विचारलं न्हाई," चाचा म्हणाले. "चाळीस दिवस दोघं आपापल्या घरात लई शहाणे!"

निघताना त्यांनी स्टीलच्या डब्यात चाचींनी केलेली शेंगदाण्याची चटणी दिली. "डबा परत पाहिजे बरं का."

जर्मनीत पहिले तीन महिने मी इमारतीत कुणाशी बोललेच नाही. सगळे नमस्कारापुरते. कामावरून आले की भिंती. परत जावं, असं रोज वाटे. शेवटी एका रविवारी बेसनाचे लाडू केले, चाचांच्या डब्यात भरले आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या दाराबाहेर. घासूनपुसून लख्ख. आणि रिकामा.

माझं डोकं फिरलं. आमचं गोड चालतं, आम्ही चालत नाही! मनात अख्खं पत्रक तयार झालं, मथळ्यासकट. कपाटातून बॅग काढली. डबा आत ठेवताना त्यात स्वतःचं तोंड दिसलं, इतका तो घासला होता. जो आपल्याला नकोसा असतो, त्याचा डबा एवढा कोण घासतं?

मी खाली गेले. तोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "लाडू आवडले नाहीत का?"

आजीबाई गोंधळल्या. त्यांनी सगळे लाडू एकाच दिवशी खाल्ले होते. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच दिवशी, डाग न ठेवता परत करावी, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. रात्रपाळीनंतरची माझी झोप मोडू नये म्हणून बेल वाजवली नव्हती. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "तुमच्याकडे कसं करतात?"

हे चाचांना सांगायचं होतं. रविवारी निवांत फोन करू म्हणून थांबले. शुक्रवारी घरून फोन आला, चाचा गेले. दुकानातच, हातात तार.

मी चाचींना फोन लावला आणि हीच गोष्ट सांगितली. त्या रडायच्या थांबल्या. "मग काय सांगितलंस त्या बाईला?"

"आमच्याकडं भांडं रिकामं परत देत न्हाईत, म्हणून."

मग चाची म्हणाल्या, "आमचा डबा कधी आणतीस?"