मरणाच्या गाण्याला टाळ्या

माझ्या धाकट्या बहिणीची नात नांदेडला कॉलेजात आहे. तिचा फोन आला, "आजी, आम्ही संगीत नाटक बसवलंय. तू लातूरहून यायचंच. आपल्या घरात नाटक कळणारी तू एकटीच."

नाटकाचं वेड मला लहानपणापासून. एसटीनं गेले. विषय काय, हे तिनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

विषय होता डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं. क्लास, होस्टेल, मेस, रविवारची परीक्षा. पोरांच्या गालाला माइक चिकटवलेले आणि संगीत सगळं रेकॉर्ड केलेलं. पेटी-तबल्याला सरावलेले माझे कान पहिल्याच गाण्यात दुखायला लागले. निम्मे शब्द कळले नाहीत. पण मेसच्या पाणीदार वरणावर गाणं म्हणत पोरांनी ताटं बडवायला सुरुवात केली, तेव्हा मीही खो खो हसले.

माझ्या नातीनं जिचं काम केलं होतं, ती मुलगी मध्यंतरानंतर जीव देते. सगळीकडे निळा उजेड पडला. तिनं पांढरी ओढणी पसरली, फार गोड आवाजात एक गाणं म्हटलं आणि पायऱ्या चढत वर निघून गेली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला उठता आलं नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या लातूरच्या घरात, वरच्या खोलीत इस्लापूर गावची एक मुलगी भाड्यानं राहायची. क्लाससाठी आलेली. बोलणं कमी. मी नाट्यगीत लावलं की हळूच जिन्यात येऊन बसायची. एक दिवस ती खाली उतरलीच नाही. दुपारी शेजाऱ्यांनी दार फोडलं, तोवर सगळं संपलं होतं.

संध्याकाळी तिचे वडील आले. रडले नाहीत. गच्चीवर जाऊन दोरीवरच्या कपड्यांकडे बघत उभे राहिले. मग मला विचारलं, "ह्यातले माझ्या लेकीचे कोणते हायेत, बाई?"

मी दाखवले. त्यांनी एकेक काढून घडी घातली. शेवटच्या कुडत्याची बाही दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "वल्लं हाय अजून. आजच धुतलं असंल."

प्रयोग संपल्यावर नात रंग न पुसताच धावत आली. "कसं वाटलं?"

"आवाज छान लागला तुझा. वरणाचं गाणं तर लई आवडलं."

"आणि शेवटचं?"

"ते खोटं आहे. मरण इतकं गोड नसतं. समोर एखादी खचलेली पोर बसली असेल, तिला काय वाटेल?"

तिचा चेहरा पडला. मग फणकाऱ्यानं म्हणाली, "तुमच्या जुन्या नाटकांत मरता मरता माणसं ताना घेतातच की! ते चालतं तुला?"

त्या ताना ऐकून मी आयुष्यभर सुखानं डोळे पुसत आले होते. मी तिला फक्त गच्चीवरची ती संध्याकाळ सांगितली. ती माझा हात बराच वेळ धरून बसली.

पुढचा प्रयोग लातूरला झाला. नातीनं दिग्दर्शकाच्या मागे लागून ते गाणं काढायला लावलं होतं. त्याच्या जागी मुलीचा बाप येतो, दोरीवरचे कपडे काढतो, घड्या घालतो आणि निघून जातो. संगीत नाही, बोलणं नाही. सभागृहात बहुतेक क्लासचीच पोरं. मागून कुणीतरी शिट्टी मारली, दोघं-तिघं हसले. मग सगळं गप्प. पडदा पडला तरी एक टाळी वाजली नाही. लोक खाली मान घालून बाहेर पडले.

विंगेत नात रडत होती. "आजी, पडलं गं नाटक."

"पडलं नाही," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

पुढे कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगात दिग्दर्शकानं ते गाणं परत घातलं. नातीला गायनाचं बक्षीस मिळालं. फोनवर सांगताना ती जरा अडखळत होती. मी म्हटलं, "अभिनंदन गं."

आवाज खरंच चांगला आहे तिचा.