वरचं नाव आमचंच!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, नंतर माझ्या तोंडाकडे बघून हसलात तर हातातला चहा काढून घेईन. एवढे पावसाळे बघितले, पण अशी फजिती उभ्या जन्मात झाली नव्हती. आणि केली कोणी? त्या टीव्हीमागच्या बोटाएवढ्या डबीनं! बरं, खोटं कशाला बोलू, डबीनं नाही, मीच केली. पण डबीचं नाव घेतलं की जरा हलकं वाटतं.

मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन सगळे विधी पुढे नेते ती धवलारीण. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत गात राहायचं, तेही तोंडपाठ. मला अक्षर म्हणून येत नाही, नुसता अंगठा! हेसुद्धा माझी नात लिहून घेतेय, आणि मेली मधेमधे हसतेय. पण डोक्यात धवले एवढे, की दोन दिवस गायले तरी सरायचे नाहीत. कोणाच्या हळदीत कोण रुसलं, कोणाच्या वरातीत घोडा उधळला, सगळं मला पाठ. माझ्या आठवणीचा मला केवढा तोरा!

तो तोरा ध्यानात ठेवा. पुढे त्याचंच भरीत होणार आहे.

आमचं घर खाडीच्या बांधाला लागून. एकच घर, मधे भिंत घातलेली. अलीकडे मी, पलीकडे माझी धाकटी जाऊ दुरपी. चुली दोन झाल्या, नळ दोन झाले, तुळशी दोन झाल्या. वायफायची पेटी तेवढी एकच राहिली, तीही दुरपीच्या ओटीवर. पोरांनी आपापसात ठरवलं. आम्हाला विचारलं कोणी?

दुरपी आणि मी तीन वर्षं बोलत नव्हतो. कारण? कारण ऐकाल तर तुम्हीही माझीच बाजू घ्याल. चाळीस वर्षं आम्ही दोघी जोडीनं धवले गायलो. एक कडवं मी, दुसरं ती. सुरुवात थोरलीनं करायची, हा मान! आणि एका लग्नात मी पान थुंकायला म्हणून जरा बाहेर गेले, तर हिनं माझ्याआधी तोंड उघडलं! थोरलीच्या आधी धाकटी! मी तिथून तशीच उठले ती घरी. भिंत आधीपासून होतीच, तेव्हापासून ती खरी झाली.

आता डबीकडे येते. माझी नात सायली पनवेलला नोकरी करते. दिवाळीत तिनं टीव्हीच्या मागे ही डबी खुपसली. कमीजास्त नको म्हणून दुरपीच्या टीव्हीलाही एक. मला म्हणाली, "आजी, फोनमधलं सगळं आता मोठ्या टीव्हीवर दिसेल. कोपऱ्यात हे टीव्हीचं चित्र आहे ना, पोटात तीन वाकड्या रेघा, ते दाबायचं. मग खाली नावं येतात, आपलं नाव दाबायचं. झालं!"

झालं म्हणे! हिला काय जातंय?

गुरुवारी लक्ष्मीच्या मुलीचं लग्न. लक्ष्मी आमच्याच आळीतली, तिच्या घरातली सगळी लग्नं माझ्या गळ्यावर लागलेली. आवतान मला मिळालेलं, जोडी तुटल्यापासूनचं पहिलंच. आणि इथंच खरी पंचाईत. का? तर मेढीच्या धवल्यात मी एका जागी अडकत होते. रोज! पुढचं कडवं येईचना. कसं येणार? ते कडवं चाळीस वर्षं दुरपीनं उचललेलं; तिची बाकीची ऐकून ऐकून बसली, हे मात्र माझ्या तोंडात कधी आलंच नाही. आता भर मांडवात, मेढीला नारळ बांधलेला, पाहुणे उभे, आणि धवलारीण मुकी? गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती का?

सायलीला फोनवर सांगितलं, तर म्हणे, "आजी, स्वतःचा व्हिडिओ काढ आणि टीव्हीवर मोठा करून बघ. कुठं अडतेस ते कळेल."

सोमवारी दुपारी न्हाऊन आले. डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगात विटका गाऊन, दातांची कवळी वाटीत. घरात कोण बघतंय? फोन डब्याला टेकवला आणि गायले. अडायचं तिथं अडलेच. मग फोन बंद करायचं विसरून मी आपली एकटीच बडबडत बसले. हो, 'विसरून'! आठवणीचा तोरा म्हणाले होते ना?

मग दाबलं ते तीन रेघांचं चित्र. खाली दोन नावं आली. मला वाचता कुठं येतंय? पण डोकं तर आहे! म्हटलं, आपण थोरले. लग्नपत्रिकेत आपलं नाव वर. होळीचा पहिला नारळ आपला. गावकीच्या बैठकीत पहिली हाक आपल्या घराला. मग वरचं नाव आपलं, खालचं दुरपीचं. यात विचारायचं काय?

दाबलं वरचं.

फोनमधलं चित्र गुल झालं. म्हटलं, गेलं टीव्हीवर! टीव्हीकडे बघते तर तिथं आपला बर्फाचा डोंगर. ही डबी नुसती बसली असली की परक्या देशाचे डोंगर दाखवत बसते. परत दाबलं. डोंगर गेला, तळं आलं. माझा पत्ता नाही! म्हटलं, आवाज तरी येतोय का बघू. फोनच्या कुशीतलं आवाजाचं बटण दाबत गेले, दाबत गेले, पार टोकाला नेलं. तळं शांत. भिंतीपलीकडे तेवढा दुरपीच्या टीव्हीचा गोंगाट, तो रोजचाच.

सायलीला फोन लावला.

"आगो सायले, जल्ली मेली तुझी डबी!"

"आजी, घाबरू नकोस. डबीची वायर काढ, दहा आकडे मोज, परत लाव."

काढली. मोजले. लावली. डोंगर!

"आता परत व्हिडिओ लाव आणि आपलं नाव दाब."

दाबलं. वरचं! तिसऱ्यांदा.

"काय दिसतंय?"

"आता वालवंट दिसतंय. उंटबी हाय. मी नाय."

"मग वायफायची पेटी बंद करून चालू करायला लागेल."

"ती दुरपीच्या ओटीवर! मी मेले तरी तिचा उंबरा चढनार नाय."

एवढं बोलले आणि घशाला कोरड पडली म्हणून फोन बाजूला ठेवून तांब्या तोंडाला लावला. आणि बायांनो, काय ऐकू आलं असेल?

मी गात होते!

तोंडात पाणी, गळा बंद, आणि मी गातेय! खड्या आवाजात, मेढीचा धवला! अर्धं पाणी गाऊनवर सांडलं. आधी वाटलं, कानात भरलंय काही. मग वाटलं, अंगात आलंय. भिंतीला कान लावला. भिंत थरथरत होती! आवाज दुरपीच्या घरातून!

डोक्यात लखकन उजेड पडला. म्हणजे ही सटवी भिंतीला फोन लावून माझे धवले भरून घेते! चोरून पाठ करते! आणि गुरुवारी माझ्या आधी मांडवात उभी राहणार!

मग मला कसला उंबरा आणि कसलं काय! पंचा डोक्यावर, कवळी वाटीत, फोन मुठीत, तशीच सुटले. तीन वर्षांत पहिल्यांदा दुरपीच्या दारात पाय टाकला, तोही आपटून.

"चोरटे! माझे धवले चोरतेस?"

आणि बघते तर काय!

समोर भिंतीएवढी मी! टीव्हीत! पंचा, गाऊन, तोंडाचं बोळकं! दुरपी जमिनीवर बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. आणि तिच्या शेजारी, हातात चहाचा कप धरून, डोळे वटारून बसली होती लक्ष्मी. नवरीची आई! घरोघरी आवतान देत नेमकी तिथं पोचलेली.

दुरपीनं टीव्हीतल्या माझ्याकडे बघितलं. दारातल्या माझ्याकडे बघितलं. आणि अशी किंचाळली!

"आगो बाय! दोन हायत!"

"कोन दोन? कनाला रडतंस?"

"थोरले, तू जिती हायस?"

"मना काय धाड भरलीय?"

"आगो, मी मालिका बघत होतू, नि तीत तू आयलीस! बंद केला टीव्ही, तर आपला आपन लागला, नि परत तूच! पंचा काय, बोळकं काय, आवाज तर वाढतूच हाय. मना वाटलं, तू गेलीस नि मना निरोप द्यायला आयलीस!"

"मग धावत बघायला नाय आयलीस?"

"भ्यायलू गो! मेलेल्या मानसाच्या घरात कशी जाऊ?"

आता मला राग यावा की रडू, तेच कळेना. तेवढ्यात टीव्हीतली मी गाताना अडली. मला आठवलं, पुढे काय आहे. आठवणीनं नको तेव्हा काम केलं! टीव्हीवर झडप घातली, पण तो बंद कुठून करतात? पडद्यावर दोन्ही हात पसरले. चित्र झाकलं, आवाज कसा झाकू?

टीव्हीतली मी मोठ्यानं बोलू लागली.

"जल्लं मेलं, इथंच अडतंय! हे कडवं दुरपीच उचलायची. तिच्याबिगर माझी गाडी पुढं जात नाय. पन तिला सांगू? मेले तरी नाय! नि त्या लक्ष्मीला काय कलतंय? दोन कडवी गिलली, तरी तिला पत्ता लागनार नाय!"

चहाचा कप बशीवर टेकला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"काकी," लक्ष्मी एकदम गोड बोलली, "हे आम्ही तिसऱ्यांदा ऐकतोय."

तिसऱ्यांदा! म्हणजे जेवढ्या वेळा मी बटण दाबलं, तेवढ्या वेळा ह्या दोघींनी माझ्या तोंडच्या ओव्या ऐकल्या, दर वेळेला आणखी मोठ्यानं! मला वाटलं, जमीन फाटावी आणि त्या उंटाच्या वाळवंटात जाऊन पडावं.

दुरपी डोळे पुसत म्हणाली, "पयल्यांदा मी धाय मोकलून रडलू. दुसऱ्यांदा जरा बरं वाटलं. तिसऱ्यांदा कलून चुकलं, की मेलेली बाय इतक्या शिव्या देत नाय."

"मग आत्ता कनाला रडतंस?"

"'दुरपीबिगर गाडी जात नाय,' बोललीस ना!"

मी डोक्यावरचा पंचा सारखा केला. आणि मुठीतल्या फोनमधून सायलीचा बारीक आवाज. तो फोन मी बंदच केला नव्हता! मेलीनं सगळं ऐकलेलं.

"आजी, तू वरचं नाव दाबलंस की खालचं?"

"वरचं! आपन थोरले ना?"

"अगं आजी, वरचा धाकट्या आजीचा टीव्ही! आपला खालचा!"

मग लक्ष्मी हसली, दुरपी हसली, फोनमधली सायली हसली. टीव्हीतलं माझं बोळकंसुद्धा मला हसल्यासारखं वाटलं.

दुरपीनं चहा दिला. तीन वर्षांनी. आणि मी कप तोंडाला लावला, तेव्हा तिनं बसल्या जागेवरून ते कडवं हळूच म्हटलं. सगळं. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मी कप तसाच धरून ऐकत राहिले. चहा गार झाला.

लक्ष्मी उठली. "गुरुवारी दोघी या. आणि काकी, या वेळी मी बोटांवर कडवी मोजत बसनार हाय. एकबी गिलू देनार नाय."

गुरुवारी मांडवात दोघी समोरासमोर बसलो. मी सुरुवात केली, थोरलीच्या मानानं. ती अडायची जागा आली, मी थांबले, आणि दुरपीनं कडवं उचललं. लक्ष्मीनं खरंच बोट मुडपलं! धवला असा रंगला, की शेजारचे बँडवालेसुद्धा पिपाणी खाली ठेवून ऐकत होते. मला वाटलं, चला, वाचले. तोरा परत मिळाला.

मग मानाची लुगडी द्यायची वेळ झाली. मी पदर सावरून, हात पुढे करून बसले. पहिलं लुगडं थोरलीला, रीतच आहे. लक्ष्मी आली, माझ्यासमोरून सरळ पुढे गेली आणि पहिलं लुगडं दुरपीच्या ओटीत घातलं!

सगळा मांडव बघत होता. मी ओरडलेच, "आगो लक्ष्मे! आधी कोनाला द्यायचं?"

लक्ष्मी वळली. म्हणाली, "काकी, फोनमधे वरचं नाव तिचं ना?"