कानात सांगायचं नाव

आमच्या घरात प्रत्येक लेकराला दोन नावं असतात. एक हाक मारायचं. दुसरं जन्मनाव, बारशाला आत्यानं कानात सांगितलेलं. ते पत्रिकेबाहेर जात नाही. खुद्द त्या लेकरालाही माहीत नसतं. बारा वर्षं पूर्ण झाली की आत्यानंच ते पुन्हा कानात सांगायचं, असा रिवाज. कुठून आला, देव जाणे. आमच्या या हिंदी मुलखातल्या तात्यापारा मोहल्ल्यातली बाकीची मराठी घरं यावरून आम्हाला हसतात.

भाचीच्या कानात ते नाव मी सांगितलं. पाळण्यात होती, जोरात शिंकली होती.

तिची आई, म्हणजे माझी भावजय, भारी कडक. शाळेच्या ग्रुपवर पोरीचा फोटो टाकू देणार नाही, मोबाईलच्या खेळात खरं नाव किंवा वाढदिवस घालू देणार नाही. मी चिडवायची, "काहून वं, तुही पोट्टी काय राजकन्या आहे का?" ती म्हणायची, "ताई, एकदा बाहेर गेलं का परत येत नाही." मला ते सगळं फाजील वाटायचं.

पोरगी दहा वर्षांची असताना सारखी आजारी पडायला लागली. सर्दी, ताप, पुन्हा सर्दी. पत्रिका बघावी म्हटलं, तर कागद घडीवर फाटलेला आणि ती मांडणारे ब्राह्मणपाऱ्यातले गुरुजी कधीचेच वारलेले. मोबाईलवर एक ॲप दिसलं. फुकट पत्रिका, दोन मिनिटांत.

आता माझं असं, तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांचे अर्धवट फॉर्म परत करण्यात गेली. रिकामा रकाना दिसला की माझा हात शिवशिवतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मवेळ, शाळा, इयत्ता, पोरीचं दुखणं, फोटो, माझा नंबर, सगळं भरलं. जन्मनावाच्या रकान्यापुढे 'ऐच्छिक' असं लिहिलं होतं. तरी भरलं. लोकेशन मागितलं, दिलं. अटी न वाचताच 'मान्य' दाबलं. न वाचता सही करणाऱ्यांवर जन्मभर खेकसत आलेली बाई मी! पत्रिका आली. ग्रह बरे होते. भावजयीला काही बोलले नाही.

दोन आठवड्यांनी फोन सुरू झाले. आधी ट्यूशनवाले, मग ताकदीच्या पावडरवाले. पोरगी कितवीत आहे, सगळ्यांना ठाऊक. दोघातिघांना मी चांगलं झापलं.

एका रविवारी भावजय लालभाजी निवडत होती आणि पोरगी माझ्या मोबाईलवर चित्र रंगवून राहिली होती. फोन आला, तो तिनंच उचलला.

"नहीं भैया, इस नाम की यहाँ कोई नहीं है," असं म्हणून तिनं ठेवून दिला. "आत्या, राँग नंबर. बोल रहा था, बच्ची की तबीयत के लिए लॉकेट ले लो." आणि कोणासाठी, तेही तिनं सांगितलं. ते नाव, आमच्या आडनावासकट.

भावजयीचा हात थांबला. हे नाव तीनच माणसांना माहीत होतं: ती, माझा भाऊ आणि मी.

"ताई, तुम्ही कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "फॉर्ममध्ये भरलं."

पोरगी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. भावजय ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा भाजी निवडायला लागली. शरमेनं माझी मान वर होईना.

ॲप काढून टाकलं. माहिती पुसा म्हणून कंपनीला तीन ईमेल लिहिले. उत्तर आलं, आपली विनंती नोंदवण्यात आली आहे. हे उत्तर मी स्वतः किती जणांना दिलं आहे. त्याचा अर्थ मला चांगला कळतो.

यंदा पोरगी बारा वर्षांची झाली. सकाळी तिला ओवाळलं, रिवाजाप्रमाणे जवळ घेतलं आणि कानाशी तोंड नेलं. या दिवसाची मी बारा वर्षं वाट बघितली होती.

तिनं हळूच डोकं बाजूला घेतलं.

"रहने दो आत्या," ती म्हणाली. "वो तो फोनवाले भैया ने बता दिया था."